व्होल्टेजच्या आकड्यांमागचा हिशेब

अमेरिकेतला 120 व्होल्टचा एअरलेस स्प्रे पंप भारतातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडता येत नाही, याचे मूळ तांब्याच्या हिशेबात आहे. एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून सुमारे 110 व्होल्टचा डीसी पुरवठा सुरू केला; कार्बन तंतूच्या दिव्यांना तो मानवत होता. 1899 मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीने 220 व्होल्टकडे वळण्याचे ठरवले, कारण तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात पोचते आणि त्याच तारेतली गळती चौथाईवर येते. ग्राहकांची उपकरणे बदलण्याचा खर्च तारांच्या बचतीतून भरून निघाला. अमेरिकेने मात्र जुन्या दिव्यांशी जुळणारा आकडा जपला आणि 240 व्होल्टचे दोन भाग करून घरोघरी 120 व्होल्ट दिले.

कमी व्होल्टेज सुरक्षित म्हणूनच ते टिकले, असा आक्षेप येईल. सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे, पण 230 व्होल्टच्या ब्रिटननेही बांधकामावर ती साधली: तिथल्या 110 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा मध्यबिंदू अर्थ केलेला असल्याने जमिनीच्या तुलनेत 55 व्होल्टच राहतात. ट्रान्सफॉर्मर असताना इतिहास कशाला, असेही कोणी विचारेल. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेतल्या 60 हर्ट्झची इंडक्शन मोटर भारतातल्या 50 हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांशाने मंदावते आणि व्होल्टेज तेवढेच ठेवल्यास जास्त तापते. म्हणून पंपाच्या पाटीवरचे व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट हे तिन्ही आकडे जुळवूनच बटण दाबावे.