बर्नी एक्स-२ आणि एक्स-३ : स्वतःच्या बळावर कधीच न उडालेलं सीप्लेन

पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानाला सीप्लेन म्हणतात. त्याच्या खाली सहसा होडीसारखे फ्लोट असतात. पण वेग वाढला की लाटांचे दणके या फ्लोटवर बसतात. ब्रिटिश नौदलातले लेफ्टनंट चार्ल्स बर्नी यांनी यावर उपाय सुचवला : फ्लोट नकोतच, विमानाला पाय द्या! ब्रिस्टलच्या विमान कंपनीत फ्रँक बार्नवेल यांनी गुपचूप त्याचं डिझाइन केलं.

हे चालणार कसं?

प्रत्येक पायावर हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्यात चालणारे छोटे पंख. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. त्यामुळे एवढासा पंखही कमी वेगात अख्खं विमान वर उचलू शकतो आणि लाटा खालून निघून जातात. इंजिन मात्र एकच. ते आधी पाण्यातले पंखे फिरवणार आणि पुरेसा वेग आला की क्लचने तीच ताकद हवेतल्या पंख्याला देणार.

मग अडलं कुठे?

२१ सप्टेंबर १९१२. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे टॉर्पेडो बोटीने एक्स-२ ला दोरीने ओढलं. विमान पाण्यावरून उचललं गेलं. पण दोर सुटला आणि ते स्टॉल होऊन समुद्रात कोसळलं. पायलट जॉर्ज डेकर वाचले. पुढच्या एक्स-३ ला २०० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. जून १९१४ मध्ये ते वाळूच्या दांड्यावर आदळून मोडलं. नौदलाने आणखी पैसे द्यायला नकार दिला आणि प्रकल्प संपला.

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला यातली गोम ओळखीची वाटते. तुम्ही वायफायवर कॉल करत घराबाहेर पडता. वायफाय उत्तम, मोबाइल नेटवर्कही उत्तम, तरी कॉल नेमका बदलाच्या क्षणी कटतो. एक्स-२ सुद्धा दोर सुटण्याच्या क्षणीच पडलं. पाणी सोडून हवा धरायची, तो क्षण सगळ्यात अवघड.

बर्नी यांनी पुढे पहिल्या महायुद्धात जहाजांना सुरुंगांपासून वाचवणारं पॅरावेन हे उपकरण बनवलं. आणि हायड्रोफॉइल? आजच्या शर्यतीच्या शिडाच्या बोटी त्याच्याच जोरावर पाण्यावर अधांतरी धावतात. व्हिडिओ नक्की बघा, बर्नींना काय हवं होतं ते लगेच कळेल.