सत्यशोधक विवाहपद्धती : विधी निवडण्याच्या अधिकाराचा इतिहास

प्रस्तावना

विवाह हा भारतीय समाजजीवनातील महत्त्वाचा संस्कार मानला जातो. मुहूर्त, पुरोहित, मंत्र, मानपान व खर्च यांविषयीचे निर्णय वरकरणी कौटुंबिक वाटतात. परंतु ते कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न सामाजिक सत्तेशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष कृतीतून उपस्थित केला. सत्यशोधक विवाहाचा विचार सामान्यतः 'कमी खर्चाचा व पुरोहिताविना विवाह' असा केला जातो. हे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे. आपल्या विवाहाचा विधी स्वतः ठरविण्याचा अधिकार हा या पद्धतीचा गाभा होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पहिले विवाह व विधीचे स्वरूप

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट व राधा निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. दुसरा विवाह ७ मे १८७४ रोजी ज्ञानोबा ससाणे यांचा झाला. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव व सावित्रीबाई यांनी दत्तकपुत्र यशवंत याचा विवाह ससाणे कुटुंबातील राधा हिच्याशी याच पद्धतीने लावला. दुसऱ्यांना सांगितलेला मार्ग त्यांनी स्वतःच्या घरातही आचरला, हे येथे लक्षणीय ठरते.

'सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी' ही पुस्तिका १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. यातील मंगलाष्टके मराठीत असून ती वधूवरांनी एकमेकांस उद्देशून म्हणावयाची आहेत. स्त्रियांना नाकारलेल्या हक्कांचा उल्लेख करून वधू वराकडे त्यांची मागणी करते आणि वर तशी प्रतिज्ञा करतो. संस्कृत मंत्रांच्या ठिकाणी दोघांनाही समजणारी भाषा आली. यामुळे मुकाट्याने अंतरपाटाआड उभी राहणारी वधू बोलणारी पक्षकार झाली. विधीतील हा बदल खर्चाच्या बचतीहून अधिक मूलगामी होता.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोंदणी पद्धतीने विवाह करावयाचा, तर वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी धर्म मानीत नाही, असे जाहीर करावे लागे. सत्यशोधकांनी निर्मिकाला साक्ष ठेवून, आपल्या लोकांत राहून, वेगळा विधी निवडला.

जोशी वतन आणि न्यायालयीन संघर्ष

पुरोहितास न बोलावणे ही त्या काळी केवळ श्रद्धेची बाब नव्हती. ग्रामजोशी हे वतनदार असल्याने लग्नविधीच्या दक्षिणेवर त्यांचा वंशपरंपरागत हक्क समजला जाई. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशांना न बोलावता विवाह केला, तेव्हा जोशांनी त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे निकाल पाटील यांच्या बाजूने लागला. जी सेवा घेतलीच नाही, तिचे मोल देण्याचे बंधन यजमानावर असावे काय, हा या खटल्यातील कळीचा मुद्दा होता. पुढे रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांनी १९२६ मध्ये मुंबई इलाख्यात यासंबंधीचा कायदा झाला.

दरम्यान राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात १९१३ मध्ये सत्यशोधक पाठशाळा सुरू झाली व तेथे बहुजन समाजातील विधिकर्ते तयार होऊ लागले. १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरू पीठाची स्थापना झाली. पुरोहितच नको, की पुरोहित आपल्यातील हवा, असे दोन प्रवाह यातून ब्राह्मणेतर चळवळीत दिसू लागले.

रूढी की निवड ?

हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम ७ नुसार विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढीगत विधींनुसार होणे आवश्यक आहे. रूढी म्हणजे दीर्घकाळ, सातत्याने व एकसमान पाळली गेलेली प्रथा. नव्या, विचारपूर्वक निवडलेल्या विधीची अडचण येथेच आहे. महाराष्ट्रातीलच भाऊराव शंकर लोखंडे खटल्यात (१९६५) गांधर्व पद्धतीच्या विवाहात होम व सप्तपदी वगळण्याची रूढी सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने तो विवाह कायदेशीर मानला नाही. परिणामी द्विभार्या प्रतिबंधाखालील शिक्षाही टिकली नाही. विधीविषयीची अनिश्चितता अखेर स्त्रीलाच भोवते, हे यावरून स्पष्ट होते.

तत्कालीन मद्रास राज्यात पेरियार यांच्या स्वाभिमान विवाहांपुढेही हाच पेच होता. तेथे १९६७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ समाविष्ट करून असे विवाह वैध ठरविण्यात आले. रूढीचा पुरावा मागण्याऐवजी वधूवरांनी परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याची घोषणा, अथवा हार, अंगठी वा मंगळसूत्र यांसारखी साधी कृती तेथे पुरेशी मानली गेली.

निष्कर्ष

१. सत्यशोधक विवाह ही केवळ काटकसरीची योजना नसून विधीची भाषा, कर्ता व आशय ठरविण्याचा हक्क मागणारी चळवळ होती.

२. ओतूर खटला व १९२६ चा कायदा यांमुळे पुरोहित न बोलावण्याचे स्वातंत्र्य दृढ झाले. मात्र निवडलेल्या विधीच्या वैधतेचा प्रश्न त्याने सुटला नाही.

३. स्वेच्छेने निवडलेला विधी करणाऱ्या वधूवरांनी विवाहाची नोंदणीही अवश्य करावी. वधूने मंगलाष्टकांतून मागितलेला हक्क कायद्याच्या दप्तरीही सुरक्षित राहिला, तरच जोतीरावांनी आरंभिलेले कार्य पूर्णत्वास जाईल.