आरोग्य-ॲपचा प्रसार : एक प्रस्तावना

आपण तयार केलेले आरोग्य-ॲप लोकांनी वापरावे, अशी इच्छा धरणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. झोप, चालणे, श्वसन, योगासने या विषयांवर मराठीतून काम करणारी तरुण मंडळी आज रील, पोस्ट आणि व्हॉट्सॲप स्टेटस यांतून ॲपची ओळख करून देतात. याला अभ्यासाचे क्षेत्र म्हणावे का, अशी शंका कोणाला येईल. माझ्या मते अवश्य म्हणावे. आरोग्यशास्त्र, लोकशिक्षण, ग्राहकाचा हक्क आणि ॲप तयार करणाऱ्याची उपजीविका हे सारे प्रश्न इथे मिनिटभराच्या व्हिडिओत एकत्र येतात.

हे प्रश्न मोबाइलहून जुने आहेत. लोणावळ्याला 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. योगाभोवती चमत्कारांच्या कथा भरपूर होत्या. त्या सांगून गर्दी जमवता आली असती. कुवलयानंदांनी क्ष-किरणांची आणि दाबमापकाची मदत घेतली. नौली ही पोटाची यौगिक क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मोजून त्यांनी छापले. शास्त्रीय लेखन आणि सर्वसामान्यांसाठीचे लेखन यांचे विभागही वेगळे ठेवले. वाचकाच्या हाती आधी ज्ञान पडले आणि त्यातून संस्थेचे नाव झाले.

दुसरे उदाहरण औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे. सूर्यनमस्कार ते स्वतः नित्य घालत, मग ते त्यांनी संस्थानातल्या शाळांत नेले. 1938 साली त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या सांगण्याला स्वतःच्या आचरणाचा आधार होता.

या दोघांकडून मी एकच कसोटी घेतो: ॲप कधीच न घेणाऱ्यालाही जो मजकूर उपयोगी पडतो, तोच ॲपचा खरा प्रसार करतो. समजा, तुमचे ॲप झोपेविषयी आहे. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला दिवसा खोली अंधारी का हवी आणि पाळीच्या शेवटच्या तासांत चहा का टाळावा, हे नीट समजावून सांगा. त्याची झोप सुधारली, तर तो तुमचे पुढचे बोलणे ऐकेल आणि घरच्यांनाही पाठवेल. ‘सात दिवसांत निद्रानाश गायब’ असा मथळा एकदाच फसवू शकतो. त्यानंतर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सहजपणे प्रसार करायचा म्हणून ॲपशी असलेले नाते लपवणे मात्र गैर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या प्रभावकांसाठी जादा मार्गदर्शक सूचना काढल्या. पाणी प्या, व्यायाम करा, पुरेशी झोप घ्या, असा सर्वसाधारण सल्ला कोणत्याही उत्पादनाशी, सेवेशी वा विशिष्ट आजाराशी जोडलेला नसेल, तर त्याला त्यांतून सूट आहे. त्याच सल्ल्याखाली स्वतःच्या ॲपची लिंक आली, की बोलणाऱ्याची जबाबदारी बदलते. हितसंबंध ठळकपणे सांगावा, हॅशटॅगच्या गर्दीत दडवू नये, हे तर त्याच वर्षी जानेवारीतल्या सरकारी सूचनांतून स्पष्ट झाले होते. ‘हे ॲप मी बनवले आहे’ हे वाक्य मराठी व्हिडिओत मराठीतच आणि सुरुवातीलाच यावे, असा माझा आग्रह आहे.

पुढील प्रकरणांत विषयाची निवड, बोलीचा वापर, वापरणाऱ्यांचे अनुभव मांडण्याची रीत, त्यांच्या माहितीची गोपनीयता आणि टीकेला द्यायचे उत्तर यांचा विचार केला आहे. डॉक्टर, योगशिक्षक, संगणकतज्ज्ञ, विद्यार्थी अशा सर्वांचे इथे स्वागत आहे. वाचकांना एकच विनंती: प्रत्येक पोस्ट टाकण्यापूर्वी तिच्यातून ॲपचे नाव काढून ती पुन्हा वाचा. उरलेल्या मजकुरात कोणाच्या तरी उपयोगाचे काही नसेल, तर ती पोस्ट टाकू नका.

घोरावाडी, जि. पुणे