सात तोळ्यांचा फोन आणि बोरगाव मंजूची रेंज

आज एका फोनची गोष्ट. अकोल्याच्या आमच्या मोठेबाबांच्या शर्टाच्या खिशात तो असायचा, आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती. "दुरून पाह्य रे बावा," एवढंच ते म्हणत. फोनचं नाव मोटोरोला स्टारटॅक.

तुमच्या हातातल्या फोनला आज कोणी घडी घालून दाखवली तर फार काही वाटणार नाही. पण स्टारटॅक आला जानेवारी १९९६ मध्ये. त्याआधीचे बहुतेक मोबाईल म्हणजे विटाच. याच कंपनीचा १९८३ सालचा डायनाटॅक पाऊण किलोहून जड होता. दहा तास चार्जिंगला लावायचा, तेव्हा कुठं अर्धा तास बोलणं व्हायचं. स्टारटॅकचं पहिलं मॉडेल फक्त ८८ ग्रॅमचं. शिंपल्यासारखं उघडायचं, कानाला लावायचं, बोलून झालं की टक्‌ करून मिटायचं. असा मधोमध मिटणाऱ्या पहिल्या काही मोबाईलांतला हा एक. शिवाय तो नुसता थरथरायचा! व्हायब्रेट असलेल्या अगदी सुरुवातीच्या फोनांपैकी तो एक. डोक्यावर ओढून लांब करायची अँटेना होती.

आता किंमत ऐका. अमेरिकेत तो निघाला तेव्हा साधारण हजार डॉलरला होता. तेव्हाचा डॉलर पस्तीस रुपयांच्या आसपास, म्हणजे पस्तीस हजार. त्या वर्षी सोनं तोळ्याला पाच हजारांच्या थोडं वर होतं. म्हणजे जवळपास सात तोळे खिशात घेऊन फिरायचं. आजच्या भावानं सात तोळ्यांचा हिशेब तुम्हीच मांडा, मला चक्कर येते.

पण खरा खर्च पुढंच होता. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. सुरुवातीला मिनिटाचा कमाल दर होता १६ रुपये ८० पैसे. आणि ऐका हं, समोरून आलेला कॉल उचलला तरी पैसे आपलेच! दुसऱ्यानं केलेल्या फोनचं बिल आपण भरायचं. पुढं दर उतरत गेले, पण ही पद्धत २००३ पर्यंत चालली.

मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक वेगळं सर्कल होतं. ते बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या दोन कंपन्यांना मिळालं. नेटवर्क जीएसएमचं, त्यामुळं स्टारटॅकचं पहिलं ॲनालॉग मॉडेल इथं कामाचं नव्हतं. त्याचे जीएसएम भाऊ नंतर आले. मोठेबाबांकडचा त्यातलाच, मुंबईच्या एका ओळखीतून आणलेला.

म्हणून मला वाटतं, या फोनचं खरं फीचर ते मिटणंच होतं. मोठेबाबा फोन उघडत, "हाव, बोल" म्हणत, आणि मिनिट भरायच्या आत टक्‌. निरोप गेला, बिल वाचलं. लग्नात मात्र तोच फोन पंगतीत पाण्याच्या गिलासाशेजारी उघडा ठेवलेला असे. कॉल येवो न येवो. हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आम्हालाही त्याचा केवढा अभिमान होता!

आता नावाची गंमत. स्टारटॅक, डायनाटॅक, मायक्रोटॅक, सगळ्यांत ते 'टॅक' आहे. त्याचा अर्थ टोटल एरिया कव्हरेज. सगळीकडे रेंज!

आमच्या फोनची रेंज अकोला सोडलं की बोरगाव मंजूला जायची. मूर्तिजापूर तसंच कोरडं निघायचं, आणि बडनेरा जवळ आलं की काड्या परत उगवायच्या.

२००० च्या हिवाळ्यात अमरावतीला आजी खूप आजारी होती. एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवा. बाबांनी अकोल्याला फोन लावला, मोठेबाबा लगेच जीपनं निघाले. आमच्याकडे लँडलाइन होती. बाबांनी तिची वायर ओढून फोन आजीच्या बाजेपाशी आणला. आजी शुद्धीवर होती. "मोठा कुठंसा आला?" एवढंच विचारत होती. बाबा नंबर फिरवत राहिले, म्हणजे तिच्या कानाला लावता येईल. दर वेळी तीच रेकॉर्ड केलेली बाई सांगायची की ग्राहक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. आजीनं एकदा विचारलं, "ही कोण बाई बोलून राह्यली?"

मोठेबाबा पोहोचले तेव्हा आजीला जाऊन अर्धा तास झाला होता. जीपच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं, साहेब पूर्ण रस्ताभर फोन उघडत होते अन् मिटत होते. बडनेऱ्याला काड्या आल्या तेव्हा त्यांनी घरी लावला, पण आमची लाईन एंगेज होती. बाबा तेव्हा त्यांनाच फोन लावत होते.

त्यानंतर मोठेबाबांनी फोन पंगतीत ठेवणं बंद केलं. काढून टाकला नाही, वापरत राहिले, पण खिशातच. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, रिलायन्सचा ५०१ रुपयांत फोन देणारा मान्सून हंगामा आला, आणि मग भाजीवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात फोन दिसू लागला. मोठेबाबांनीही साधा फोन घेतला.

स्टारटॅक अजून अकोल्याच्या घरी कपाटात आहे. बॅटरी केव्हाच मेली, पण बिजागरी शाबूत. मागच्या दिवाळीत मोठेबाबांनी तो पहिल्यांदा माझ्या हातात दिला. मी उघडला. मिटला. "हळू," ते म्हणाले, "जुना आहे थो."