प्रार्थनेची वेळ

ईश्वराचे स्मरण अखंड असावे, ही भक्तीची एक मागणी. त्या स्मरणासाठी दिवसातील काही वेळ राखून ठेवावा, ही तिची दुसरी मागणी. वरवर पाहता या दोन मागण्या परस्परांना पूरक वाटतात. परंतु थोडा विचार केला की त्यांतील विरोध जाणवू लागतो. स्मरण जर सर्वकाळ करावयाचे, तर त्यासाठी वेगळी वेळ कशाला? आणि वेळ एकदा नेमून दिली, की उरलेला दिवस ईश्वराच्या हिशेबातून सुटला असे माणसास वाटणार नाही काय? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न अगदी आरंभापासून उपस्थित आहे. थेस्सलनीका येथील मंडळीला इ. स. 50 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात संत पौलाने प्रार्थनेत खंड पडू देऊ नये असे बजावले. उलट 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पेत्र आणि योहान हे दिवसाच्या नवव्या तासाला, म्हणजे दुपारी सुमारे तीन वाजता, मंदिराकडे जाताना दिसतात. कारण ती प्रार्थनेची ठरलेली वेळ होती. ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेची सवय कशी लावून घेतली याचा इतिहास म्हणजे या दोन वचनांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

वेळेची कल्पना आली ती यहुदी धर्माकडून. बाबेलच्या बंदिवासातील दानीएल यरुशलेमकडील खिडक्या उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकीत असे, आणि राजाज्ञेने बंदी घातल्यावरही त्याने हा नेम मोडला नाही, ही कथा सर्वपरिचित आहे. 'दिदाखे' नावाची एक अतिप्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे हाती आली. तीत प्रभूने शिकविलेली प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असा स्पष्ट आदेश आहे. पुढे इ. स. 200 च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन याने या विषयावर स्वतंत्र प्रबंधच लिहिला. तिसरा, सहावा आणि नववा हे तास पाळावेत अशी कोणतीही सक्त आज्ञा नाही, हे तो मान्य करतो; पण माणूस आपल्या व्यवहारात इतका गुंतलेला असतो, की जणू कायद्याने ओढून काढावे तसे त्याला त्यातून कोणीतरी बाहेर काढावे लागते, असे त्याचे म्हणणे. नेमाचे हे समर्थन लक्षात ठेवण्याजोगे आहे. देवाला घड्याळ लागत नाही. ते माणसाला लागते.

चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला अभय दिले आणि छळाचे दिवस संपले. त्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात हजारो साधक जाऊन राहिले. अखंड प्रार्थनेचा आदेश त्यांनी अक्षरशः पाळावयाचे ठरविले. त्यांच्यातील लूकियस नावाच्या वृद्ध साधूची एक गोष्ट परंपरेने जतन केली आहे. त्याच्याकडे काही यात्रेकरू आले आणि अभिमानाने म्हणाले, की आम्ही हातांनी काम करीत नाही, केवळ प्रार्थना करतो. वृद्धाने विचारले, की तुम्ही जेवता आणि झोपता, तेव्हा तुमच्यासाठी कोण प्रार्थना करतो? त्यांना उत्तर सुचेना. मग त्याने आपली रीत सांगितली. तो ताडाच्या पानांचे दोर वळी आणि वळता वळता पश्चात्तापाचे स्तोत्र म्हणे. दिवसभरात सुमारे सोळा नाणी मिळत. त्यांतील दोन तो दाराशी ठेवी आणि उरलेल्यांत आपला निर्वाह करी. ती दोन नाणी ज्याच्या हाती पडत, तो गरीब मनुष्य लूकियसच्या जेवणाच्या व झोपेच्या वेळात त्याच्यासाठी प्रार्थना करी. अशा रीतीने त्याच्या प्रार्थनेत खंड पडत नसे. या साध्या उत्तरात श्रम, दान आणि उपासना ही तिन्ही एका दोरात वळली गेली आहेत.

परंतु उत्साहाचाही एक धोका असतो. योहान कॅसियन हा इजिप्तमध्ये राहून आलेला साधक पाचव्या शतकाच्या आरंभी गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, मठांसाठी लिहू लागला. तो सांगतो, की रात्रीच्या उपासनेत कोणी वीस स्तोत्रे म्हणत, कोणी तीस, तर कोणी त्याहूनही अधिक. जितके मठ तितके नियम. इजिप्तच्या वडिलधाऱ्यांनी ही संख्या बारावर आणून थांबविली. नियम हा आळशी माणसाला उठविण्यासाठी असतो, हे आपण जाणतो; पण अतिउत्साही माणसाला आवरण्यासाठीही तो असतो, हे या हकिकतीवरून ध्यानात येते. जो नेम वर्षानुवर्षे चालावयाचा, तो सामान्य दिवशी सामान्य माणसाला झेपेल इतकाच असला पाहिजे.

हे तत्त्व ज्याने पूर्णत्वास नेले, तो इटलीतील संत बेनेडिक्ट. परंपरेप्रमाणे 529 साली त्याने माँते कासिनो येथे मठ स्थापिला आणि मठवासीयांसाठी 73 प्रकरणांची एक नियमावली लिहिली. दिवसा सात वेळा व रात्री एकदा सर्वांनी एकत्र येऊन प्रार्थना करावी आणि स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रे आठवड्यात पुरी करावीत, असा तिचा क्रम आहे. या उपासनेला त्याने 'ईश्वराचे काम' असे नाव दिले आणि इतर कोणतेही काम तिच्या आड येता कामा नये असे ठरविले. इशारा ऐकू येताच हातातील काम तसेच सोडून निघावे, हा त्याचा दंडक होता.

तथापि या नियमावलीचे खरे मोठेपण तिच्या कठोरपणात नसून मनुष्यस्वभावाच्या जाणिवेत आहे. रात्री उठताना झोपाळू बांधव नाना सबबी सांगतात, म्हणून सर्वांनी एकमेकांना हळुवारपणे धीर द्यावा, असे तीत आहे. रात्रीच्या उपासनेचे आरंभीचे स्तोत्र मुद्दाम संथपणे म्हणावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना येऊन पोहोचण्यास अवधी मिळेल. त्यानंतरही जो उशिरा येईल, त्याने सर्वांच्या शेवटी किंवा वेगळ्या नेमलेल्या जागी उभे राहावे. मात्र त्याला बाहेर ठेवू नये, कारण बाहेर राहिल्यास तो पुन्हा जाऊन झोपेल अथवा गप्पा मारीत बसेल. जो दूर शेतात कामावर आहे किंवा प्रवासात आहे, त्याने जेथे असेल तेथेच नेमल्या वेळी प्रार्थना करावी. प्रार्थना थोडक्यात आणि निर्मळ असावी. स्तोत्रांची ही वाटणी कोणास पसंत नसल्यास त्याने दुसरी करावी; फक्त आठवड्यात सर्व स्तोत्रे पुरी व्हावीत. शासन चालविणाऱ्या कोणाही माणसाने या तरतुदींकडे आदराने पाहावे अशा त्या आहेत. ज्या नियमात अपवादाला जागा असते, तोच नियम टिकतो. माँते कासिनोचा मठ लाँबार्डांनी लुटला, नवव्या शतकात सॅरसेनांनी जाळला, 1349 च्या भूकंपात तो पडला आणि 1944 च्या बाँबवर्षावात पुन्हा जमीनदोस्त झाला. प्रत्येक वेळी तो उभारला गेला, आणि उपासनेचे तासही पुन्हा सुरू झाले.

या तासांचा परिणाम मठाच्या भिंतींबाहेरही झाला. रात्री ठराविक वेळी उठावयाचे, तर वेळ मोजण्याचे साधन हवे. तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात यांत्रिक घड्याळे दिसू लागली, त्यांमागे मठांची व चर्चची ही गरज होती. इंग्रजीतील घड्याळाचा शब्द मुळात घंटा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. आज कारखान्याचा भोंगा आणि कचेरीचे घड्याळ माणसाला कामावर बोलावते. एके काळी त्याच घड्याळाच्या पूर्वजाने त्याला कामावरून प्रार्थनेला बोलाविले होते.

शेतकऱ्याला आणि कारागिराला लॅटिन वाचता येत नव्हते. दीडशे स्तोत्रे त्याला पाठ होणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी मरियेची प्रार्थना दीडशे वेळा म्हणण्याची प्रथा रूढ झाली आणि ती मोजण्यासाठी माळ आली. गोव्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळी कुटुंबाने मिळून म्हणावयाच्या या जपाला 'तेर्स' म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ तिसरा हिस्सा. दीडशेंचा तिसरा हिस्सा पन्नास. मठातील स्तोत्रांची संख्या अशा रीतीने गावातील घराच्या ओसरीवर येऊन पोहोचली. केरळातील सुरियानी ख्रिस्ती परंपरा याहून वेगळी व फार जुनी आहे. तीतही दिवसाच्या सात प्रार्थना असून त्या पूर्वेकडे तोंड करून म्हणतात, आणि घरोघरी संध्याप्रार्थना चालते.

कालांतराने पश्चिमेतील नियमांचे ओझे मात्र इतके वाढले, की नियम पाळणे हेच स्वतंत्र काम होऊन बसले. मार्टिन लूथर हा तरुणपणी ऑगस्टिनियन मठवासी होता. अध्यापन आणि प्रवचने यांच्या गर्दीत त्याची नेमलेली प्रार्थना मागे पडे. मग ती थकबाकी फेडण्यासाठी तो शनिवारी स्वतःला कोंडून घेई आणि अन्नपाण्यावाचून ती पुरी करी. अखेर त्याची प्रकृती बिघडली आणि थकबाकी इतकी साचली, की त्याने हा प्रकार सोडून दिला. इंग्लंडमध्ये आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याने 1549 च्या प्रार्थनापुस्तकाच्या प्रस्तावनेत तक्रार केली, की काय वाचावयाचे हे शोधण्यातच वाचण्यापेक्षा अधिक वेळ जातो. त्याने आठ वेळांच्या जागी सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच ठेवल्या, स्तोत्रे महिनाभरात विभागली आणि सर्व काही लोकभाषेत आणले. रोमन कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1963 साली, एक तास कमी करून स्तोत्रे आठवड्याहून दीर्घ काळात विभागण्याचा निर्णय घेतला.

नेमाच्या जाचातून सुटलेल्या लूथरने नेम टाकून दिला काय? तसे झाले नाही. विटेनबर्ग येथे पीटर बेस्केनडॉर्फ हा न्हावी त्याचा जुना स्नेही होता. प्रार्थना कशी करावी असे त्याने विचारल्यावरून लूथरने 1535 साली त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रार्थना हे सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम असावे, आणि थोडे थांब, आधी हे एक काम उरकू, असे सांगणाऱ्या मनापासून सावध राहावे, हा तिचा मुख्य उपदेश. लक्ष एकाग्र करण्याचा दाखला त्याने न्हाव्याच्याच धंद्यातून घेतला. चांगला न्हावी आपले चित्त वस्तऱ्यावर आणि केसांवर ठेवतो. तो बोलत बसला आणि इकडेतिकडे पाहू लागला, तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळाही कापावयाचा.

या पुस्तिकेची पुढील हकिकत मात्र दुःखद आहे. त्याच वर्षी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या प्रसंगी या पीटरने आपल्या जावयाला सुरी भोसकून ठार केले. लूथरने व इतरांनी रदबदली केल्यामुळे त्याचा प्राण वाचला. परंतु मालमत्ता गमावून त्याला हद्दपार व्हावे लागले. लूथरची पुस्तिका पुढेही छापली गेली आणि तीत पीटरचे नाव राहिले. नेमाने प्रार्थना करणारा माणूस पापापासून सुरक्षित होतो, असा दावा या इतिहासात कोणी जाणत्याने केलेला नाही. उलट, आपण सुरक्षित नाही हे ज्याला कळले, त्यालाच रोज प्रार्थनेची गरज वाटते. लूथरने आपल्या स्नेह्यासाठी शब्द टाकला, तेव्हा त्या पुस्तिकेतील शिकवण तोच स्वतः आचरीत होता, असे म्हणता येईल.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक स्वयंपाकघरात अनेक वर्षे राबला. पूर्वाश्रमीचा तो सैनिक होता आणि पायाने अधू झालेला होता. भांड्यांच्या खडखडाटात आणि गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेत आपल्याला भेद उरला नाही, असे तो सांगे. 1691 साली तो मरण पावल्यावर त्याची संभाषणे व पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अनेकांनी त्यांतून नेमाची आवश्यकता नाही असा अर्थ काढला. पण लॉरेन्सने मठाची नेमलेली प्रार्थना सोडली नव्हती, आणि या अवस्थेला पोहोचण्यापूर्वी आपली सुमारे दहा वर्षे कष्टात गेली हे त्यानेच सांगितले आहे. अखंडतेचे फळ त्याला मिळाले, ते नेमाचे झाड दीर्घकाळ जोपासल्यावर.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. काकडआरती, हरिपाठ आणि शेजारती यांनी दिवसाला बांधून घेणाऱ्या या भूमीत फादर स्टीफन्स याने 1616 साली ख्रिस्तपुराण ओवीत लिहिले, आणि पुढे 1895 साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी आपली भक्ती अभंगांत गायिली. त्यांची पदे मराठी चर्चमधून आजही म्हटली जातात. रोज म्हणावयाची प्रार्थना रोजच्या बोलीत आणि रोजच्या चालीत असली पाहिजे, हे या दोघांनीही ओळखले होते.

इतिहासाने आरंभीच्या प्रश्नाचे एकच एक उत्तर दिलेले नाही. पण एक अनुभव मात्र पुनःपुन्हा नोंदविला आहे. वेळ नेमली, तर तिचे ओझे होण्याची भीती असते. वेळ नेमलीच नाही, तर ती बहुधा येतच नाही. ओझे झालेला नेम हलका करता येतो, आणि क्रॅन्मरने तो केला. उशीर झालेल्याला आत घेता येते, आणि बेनेडिक्टने त्याला घेतले. वाळवंटातील तो वृद्ध आपल्या झोपेच्या वेळेचीही तरतूद दोन नाण्यांनी करून ठेवीत असे. आपले मन अखंड जागे राहणार नाही, हे त्याने नम्रपणे मान्य केले होते. प्रार्थनेची वेळ नेमणे म्हणजे याच नम्रतेची रोजची कबुली होय.