पर्वणी : पेरापासून पायरीपर्यंत

महाशिवरात्र जवळ आली की वृत्तपत्रांतून एक बातमी हमखास येते. अमुक गावच्या तरुणांनी जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, उपसली, गाळ काढला, झुडपे तोडली आणि रात्री पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लावल्या. रोहन काळे यांनी चालवलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे गेल्या काही वर्षांत हा दीपोत्सव अनेक गावांचा झाला आहे. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि नोव्हेंबरातला वारसा सप्ताह यांच्या निमित्तानेही अशा जागी लोक जमतात, माहितगार बोलतात, मुले चित्रे काढतात. बातमीत दोन वाक्ये ठरलेली असतात. 'दिव्यांच्या प्रकाशात बारव न्हाऊन निघाली' हे एक, आणि 'इतिहासप्रेमींसाठी ही पर्वणीच ठरली' हे दुसरे.

दोन्ही वाक्ये सवयीने लिहिली जातात, पण दोन्हींत पाणी आहे. 'न्हाऊन' उघडच स्नानाचे. 'पर्वणी'सुद्धा मुळात स्नानाचीच. आज नाट्यमहोत्सवालाही पर्वणी म्हणतात आणि आंब्याच्या मोसमालाही. तरी सिंहस्थात नाशिककर 'पहिली पर्वणी', 'दुसरी पर्वणी' म्हणतात तेव्हा गोदावरीतल्या स्नानाचा ठरलेला दिवस एवढाच नेमका अर्थ असतो. २०१५ साली नाशिकच्या पर्वण्या २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाल्या. म्हणजे जुना अर्थ मेलेला नाही, फक्त गोदाकाठी जाऊन राहिला आहे.

या शब्दाचे मूळ मात्र नदीत नाही, शेतात आहे. संस्कृत 'पर्वन्' म्हणजे सांधा, गाठ. वेळूची, बोरूची, बोटाची. वेदात त्याला 'परुस्' असा जुळा भाऊही आहे. इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यातला 'पेर' हा शब्द याच कुळातला असावा. ऊसतोड्या कोयत्याने वाढे उडवतो, मोळी बांधतो. शेतकरी बेणे निवडताना पेर आखूड की लांब, डोळा शाबूत की नाही ते पाहतो. बोटांनाही पेरेच असतात आणि त्यांवर जप मोजतात. गाठीगाठींचा, चढउतारांचा तो 'पर्वत', ही व्युत्पत्तीही बहुतेकांना मान्य दिसते. तसे असेल तर पर्वणी आणि पार्वती एकाच घरच्या, आणि शिवरात्रीच्या पर्वणीला हे नाते शोभून दिसते.

उसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक वळण. दोन गाठींमधला भाग म्हणजे 'कांडे', संस्कृत 'काण्ड'. रामायणाची विभागणी कांडांत आणि महाभारताची पर्वांत. आपल्या दोन्ही महाकाव्यांनी प्रकरणांची नावे उभ्या वनस्पतीच्या देठावरून घेतलेली आहेत. ग्रंथ हा कांड्याकांड्यांनी वाढतो, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याच्या आसपास वेळू, बोरू किंवा ऊस असणारच.

आता सांध्यावरून स्नानावर कसे आलो? मधला दुवा चंद्र आहे. महिना हा एक लांब देठ मानला तर अमावास्या आणि पौर्णिमा ही त्याची पेरे. जुन्या यज्ञसाहित्यात पर्वन् हा शब्द या संधिदिवसांना लावलेला आढळतो. पुढे अष्टमी, चतुर्दशी, संक्रांत, ग्रहण हेही पर्वकाळ झाले. संधिकाल जपायचा, त्या वेळी उपवास, दान आणि वाहत्या पाण्यात स्नान करायचे, असा आचार रुळला असावा. मग दिवसाचे नाव स्नानाला मिळाले, स्नानासाठी लोटणाऱ्या गर्दीतून जत्रेला मिळाले, जत्रेतून आनंदाला मिळाले.

शेजारच्या भाषांत हाच शब्द कुठल्या टप्प्यावर थांबला ते पाहणे मोठे मौजेचे आहे. कोकणीत 'परब' म्हणजे सण. पंजाबीत 'गुरपुरब'. बंगालीत 'पार्बण', बारा महिन्यांत तेरा पार्बणे अशी तिकडे म्हणच आहे. कन्नडात सणाला 'हब्ब' म्हणतात. वरवर हा शब्द परका वाटतो, पण पर्व, पब्ब, हब्ब अशी पायरी लक्षात घेतली की चेहरा ओळखू येतो, कारण शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' करणे ही कन्नडाची जुनी खोड. तेलुगूतला 'पब्बम्' तर मधल्याच पायरीवर उभा आहे. हे सगळे 'सण' या अर्थाशी थांबले. मराठीने मात्र 'दुर्मीळ, हातचा दवडू नये असा योग' ही छटा जोडली. तिच्यामागे 'कपिलाषष्ठीचा योग' उभा असावा. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात, इतके सगळे जुळून यायला वर्षानुवर्षे लागतात.

आता पहिले वाक्य, 'न्हाऊन निघाली'. संस्कृत 'स्ना' धातू प्राकृतात 'ण्हा' झाला आणि मराठीत 'न्हा'. हाच नियम 'ष्ण'लाही लागला: कृष्णाचा कान्हा, तृष्णेची तहान, उष्णाचे ऊन. म्हणून स्नान आणि उष्णता हे मुळात अगदी वेगळे शब्द मराठीत 'न्ह'च्या एकाच काठावर येऊन बसले. राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात, तिथे 'न्हाणे' होते आणि 'पाणी ऊन आहे' असेही आपण म्हणतो.

या 'न्हा'च्या गोतावळ्यात 'न्हावी' आहे. संस्कृतात त्याला 'नापित' म्हणतात, पण पालीत 'नहापित' आढळतो, प्राकृतात 'ण्हाविअ'. यावरून मूळ अर्थ 'न्हाऊ घालणारा' असा दिसतो. 'नापित' हेच उलट बोलीतून घेऊन संस्कृताचे कपडे चढवलेले रूप असावे. मराठी न्हावी इथे संस्कृत कोशापेक्षा मुळाशी अधिक इमानी राहिला. गुरुगृहीचे शिक्षण संपवून समावर्तनाचे स्नान केलेला तो 'स्नातक', आणि विद्येत पुरता न्हालेला तो 'निष्णात'. आज पदवीधर आणि तज्ज्ञ अशा अर्थाने हे शब्द वापरताना अंगावर पाण्याचा थेंब पडत नाही, पण दोघेही ओलेच आहेत.

'अंघोळ' मात्र न्हाण्याची बहीण नव्हे, सवत म्हणावी. प्राकृत कोशांत 'अंगोहलि' असा देशी शब्द दिलेला आहे आणि त्याचा अर्थ डोके सोडून बाकी अंगाचे स्नान. गुजरातीतही 'अंघोळ' आहे. आपल्या घरांतल्या बायका आजही 'आज नुसती अंघोळ, न्हाणं उद्या' असे म्हणतात, तेव्हा हा जुना भेद जसाच्या तसा पाळतात. केसांवरून पाणी ते न्हाणे, खांद्यावरून ती अंघोळ. पुरुषांच्या बोलण्यातून हा फरक गेला, बायकांनी राखला.

मराठीने स्नानाचे परके शब्दही आपलेसे केले. 'हमाम' अरबी, त्याच्या धातूत तापण्याचा अर्थ आहे आणि त्याच धातूपासून तापालाही शब्द आहे. फारसी 'खाना' लागून झालेला हमामखाना देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यात आजही पाहता येतो. मसाला कुटायच्या 'हमामदस्त्या'चा मात्र हमामाशी संबंध नाही. तो फारसी 'हावन-दस्ता', म्हणजे खल आणि बत्ता. युरोपातल्या स्नानगृहांचे ग्रीक 'थेर्मोस', फारसी 'गर्म' आणि आपला 'घर्म', म्हणजेच घाम, हे तिघे तर सख्खे भाऊ. इंग्रजी 'बाथ'च्या मुळाशीही ऊबच असावी असे भाषापंडित मानतात. उलट 'स्ना'चा लॅटिन नातलग पोहण्याच्या अर्थाचा आहे. म्हणजे पश्चिमेचे शब्द बहुधा चुलीपाशी जन्मले आणि आपला शब्द वाहत्या पाण्यात. पाणी तापवायला आपण तांब्याचा 'बंब' घेतला, तोही पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे मुळात पंप. 'आगीचा बंब' हा अर्थ मुळाला जास्त जवळचा.

आपल्याकडे बारवा उपसल्या जातात, तशी युरोपातही बंद पडलेली स्नानगृहे लोक पुन्हा उघडत आहेत. मँचेस्टरचे व्हिक्टोरिया बाथ्स १९०६ साली सुरू झाले, १९९३ साली बंद पडले आणि २००३ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांनी दुरुस्तीसाठी निवडले गेले. तिथे पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि स्त्रिया अशी नावे तीन वेगळ्या दारांवर कोरलेली आहेत. 'सार्वजनिक' या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न पाण्यापाशी सगळीकडेच उभा राहतो. आपल्याकडे त्याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्यावर द्यावे लागले. मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. 'चवदार' हा शब्दच मिश्र वस्तीचा आहे: 'चव' मराठी, 'दार' हा प्रत्यय फारसी. शब्दाला जे सहज जमले ते माणसांना झगडून मिळवावे लागले. म्हणून बारवेवर सगळे जमतात त्या खुल्या दिवसाचे महत्त्व मला दीपोत्सवाहून मोठे वाटते. गावातले सगळे एकाच पायरीवर उभे राहतात, आणि या वास्तूच्या बाबतीत ही गोष्ट नेहमीच होती असे नाही.

'बारव' हा शब्द स्वतः एक कोडे आहे. 'वापी'पासून गुजराती 'वाव', आपल्या 'बाव' आणि 'बावडी', हा वंश सरळ आहे. बारवेतला 'व' याच वापीचा उरलेला अंश असावा. मग 'बार' कोणता? साताऱ्याजवळच्या लिंब गावी वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवलेली बारा मोटांची विहीर डोळ्यांपुढे आणून कोणी 'बारा' म्हणेल. पण प्राकृतात 'द्वार' या शब्दाला 'बार' असेही रूप आहे. पायऱ्यांच्या विहिरीला आत शिरायची वाट असते, साध्या आडाला नसते. तेव्हा 'दाराची वाव' ती बारव, ही उपपत्ती मला अधिक पटते. वाचकांपैकी कोणाकडे याहून जुने रूप असेल तर ते पुढे यावे.

पायऱ्यांनी पाण्याकडे उतरायची जागा म्हणजेच 'तीर्थ'. धातू 'तॄ', तरून जाणे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात तो नद्यांवर तीर्थे बांधल्याचे, सभा आणि प्रपा उभारल्याचे सांगतो आणि पुष्करास जाऊन स्नान केले, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिले, हेही नोंदवतो. 'प्रपा' म्हणजे आपल्या 'पाणपोई'तली पोई. पर्वणी, पायरी, पाणी आणि दान यांची सांगड इतकी जुनी आहे.

ही सांगड ज्या गावावरून दरवर्षी चालत जाते ते इंदापूर तालुक्यातले अंथुर्णे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर करीत, बेलवाडीचे रिंगण आटोपून इथे मुक्कामाला येते. नावावरून 'अंथरूण' आठवते (संस्कृत 'आस्तरण'), आणि मुक्कामाच्या गावाला ते शोभतेही. पण शेजारचे लासुर्णे पाहिले की दोन्हींत समान असलेले '-उर्णे' हे गावदर्शक शेपूट असावे असे दिसते, आणि त्यात कानडी 'ऊर' दडलेला असावा. पहाटे दिंड्यांतले लोक टँकरच्या नळाखाली, शेतातल्या मोटारीच्या धारेखाली न्हातात. हे पाणी नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातले. 'कालवा' कानडी 'कालुवे'वरून आलेला, आणि 'नीर' हा संस्कृताने द्राविडी भाषांकडून घेतलेला शब्द मानतात. पुढे सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात आणि मग पालखी अकलूजला जाते. तिकडे जेजुरीला सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला उतरते, आणि तीच कऱ्हा बारामतीवरून जाऊन सोनगावाजवळ नीरेला मिळते. एकाच खोऱ्यात देव, संत आणि वाटसरू सगळ्यांना न्हाऊ घालणारे लोक राहतात. इथे 'पर्वणी'चा जुना अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

म्हणून बारवा उजळणाऱ्या मंडळींना एक मनापासूनची सूचना. दगड साफ करता, तसे शब्दही गोळा करा. मोट, नाडा, सोंदूर, कणा, धाव हे शब्द ज्यांनी हाताने वापरले अशी माणसे अजून गावोगाव आहेत. खुल्या दिवशी त्यांना पायरीवर बसवा आणि बोलते करा. लिंबच्या विहिरीसारख्या ठिकाणी मोटेचे पाणी जिथे येऊन पडे त्या कुंडाला 'थारोळे' म्हणत. 'थारा' आणि 'स्था' यांच्या घरचा हा शब्द असावा. आज तो फक्त अपघात आणि खुनाच्या बातम्यांत, रक्ताच्या जोडीनेच दिसतो. पर्वणी पाण्यापासून निघून आनंदाला पोहोचली, थारोळे पाण्यापासून निघून रक्ताला. बारवेच्या काठावर एखाद्या मुलाला खरे थारोळे दाखवून, इथे पाणी पडत असे, बैल धावेवरून मागे फिरत, इतके सांगितले तरी तो शब्द त्याच्या पुरता परत पाण्याचा होईल. गाळ काढण्यात हे कामही धरावे.