शिवेचा राखणदार

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या रात्री मित्रांना स्वतःच्या भूतकथा वाचून दाखविणारे एम. आर. जेम्स हे जुन्या हस्तलिखितांचे थोर पंडित होते. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कथेत, परचक्र येऊ नये म्हणून समुद्रकाठी पुरलेला प्राचीन मुकुट एक तरुण उकरून काढतो. भयभीत होऊन तो मुकुट पुन्हा पुरतो. परंतु राखणदार त्याला क्षमा करीत नाही.

बेळगाव-निपाणीकडील वाचकास हे भय परके नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नकाशावरील सीमा सरकली. गावच्या शिवेवरील म्हसोबा मात्र जागचा हलला नाही. त्याला नारळ वाहून पुढे जाणाऱ्या माणसाला जेम्सचा राखणदार ओळखीचाच वाटेल.